दहा मिलिग्रॅमची वेडी

"ह्यातली वेडी कोण?"

पॅकिंगच्या साहेबांनी गोळ्यांच्या स्ट्रिपचा एक तुकडा चिमटीत धरून वर केला. कात्रीने कापलेला, चार गोळ्यांचा. आम्ही बावीस बाया मशीनच्या पट्ट्याच्या कडेने उभ्या. डोक्याला टोप्या, अंगात पांढरे अ‍ॅप्रन, दोन्ही हात पुढे. साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले.

"ऐकू येत नाही का? ही डोक्याची गोळी आहे. वेड्यांना देतात. कोणाला ठाण्याला पाठवायचं राहिलंय?"

बाया हसल्या. साहेब विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. मीपण हसले.

गोळी माझी होती.

हे कुठलं ते आधी सांगते. डोंबिवलीच्या एमआयडीसीतला औषधांचा कारखाना. नाव सांगत नाही, त्यांची फुकट जाहिरात मी कशाला करू. नव्वदीचं दशक अर्धं होत आलेलं. मी तिथे पॅकिंगला, पर्मनंट. कोपरच्या खाडीवरची कोळ्याची पोर, दहावी पास. आमच्या आळीत कारखान्यात पर्मनंट झालेली पहिली बाई मीच. आई अजून टोपली घेऊन बाजारात बसायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची, "माझी पोर औषधं बनवतं." मी काही बनवत नव्हते. गोळ्या स्ट्रिपमध्ये नीट बसल्यात का ते बघायचे. आठ तास, डोळे फाडून.

एक बॅच संपली की दुसरी सुरू व्हायच्या आधी पट्टा पूर्ण साफ करायचा. त्याला लाइन क्लिअरन्स म्हणायचे. मशीनखाली, फटीत, पिंपामागे, कुठेही आधीच्या औषधाची एक गोळी राहता कामा नये. राहिली आणि पुढच्या खोक्यात गेली, तर कुठल्या तरी गावातला म्हातारा ब्लडप्रेशरची समजून भलतीच गोळी गिळेल. हे मला पटायचं. म्हणून आमच्या अ‍ॅप्रनला खिसे नव्हते. म्हणून रोज सकाळी हॉलच्या दारात ओळीने उभं राहून हात दाखवायचे. नखं, बांगड्या, अंगठी, सगळं तपासून आत. आणि स्वतःचं औषध आत न्यायचं नाही, साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही.

मी नेत होते. रुमालात गुंडाळून, ब्लाउजमध्ये. चूक माझी, ती मी कुठे नाकारते? त्या दिवशी लाइन क्लिअरन्सला पट्ट्याखाली वाकले आणि ती माझ्याच अंगातून घसरून फरशीवर पडली. मला कळलंसुद्धा नाही. साहेबांच्या बुटापाशी सापडली.

पण साहेबांनी चुकीबद्दल विचारलं नाही. "औषध आत कोणी आणलं?" असं विचारलं असतं तर कदाचित माझा हात वर गेला असता. त्यांनी विचारलं, वेडी कोण.

आणि एकवीस माना एकाच बाजूला वळल्या. यमुनेकडे.

यमुना विठ्ठलवाडीहून यायची. कंत्राटी. नवरा गेलेला. तिला कधीमधी फिट यायची आणि काम करताना ती स्वतःशीच पुटपुटायची. तेवढं पुरलं सगळ्यांना.

"माझी नाय साहेब," यमुना म्हणाली. "आईशप्पत माझी नाय."

"मग कोणाची? ह्या तर सगळ्या शहाण्या आहेत."

तिचा अ‍ॅप्रन तिथेच उतरवून घेतला. टोपीही काढून घेतली. दाराकडे जाताना ती एकेकीच्या तोंडाकडे बघत गेली. माझ्याकडेही बघितलं. मी पट्ट्याकडे बघत राहिले. पट्टा बंद होता, बघण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

साहेबांना नंतर शिव्या घालीनच. पण त्या एकवीस मानांत एक माझी होती, ते आधी लिहिते.

आता गोळीचं.

मला थकव्याचा आजार आहे. हे वाक्य जिथे जिथे बोलले तिथे लोक हसले. थकवा कोणाला नसतो? माझी आई पहाटे उठून जाळ्यातलं म्हावरं निवडायची, टोपली डोक्यावर घेऊन बाजारात जायची, आल्यावर चूल पेटवायची. तिच्यासमोर मी कुठल्या तोंडाने थकवा म्हणू? पण म्हणावं लागलं, कारण माझं काहीतरी बिघडलेलं.

शहाऐंशी साल असावं. ताप आला, गळ्याला गाठी आल्या, तीन आठवडे अंथरुणात होते. ताप गेला. मी कामावर गेले. पण जे अंग घेऊन आजारी पडलेले ते अंग काही परत आलं नाही. रविवारी दोन बादल्या कपडे धुतले की सोमवार कसाबसा निघायचा आणि मंगळवारी हात खांद्याच्या वर जायचा नाही. दहा तास झोपले तरी उठताना वाटायचं, रात्रभर कोणीतरी बडवलंय. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही, समोर दिसत असलेल्या बादलीला बादली म्हणतात हे आठवायचं नाही. घराच्या ओट्याला तीन पायऱ्या. दुसऱ्या पायरीवर मी बसायचे, मग तिसरी चढायचे. वय सत्तावीस.

रक्त तपासलं, एक्स-रे काढला, सगळं नॉर्मल. नॉर्मल म्हणजे तुम्ही खोटं बोलताय, असा त्याचा अर्थ असतो. तेव्हा मला तो माहीत नव्हता.

कारखान्याचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. डोंबिवली पूर्वेला त्यांचा स्वतःचा दवाखाना, बोलणं अगदी शुद्ध, आवाज कधी चढत नसे. मी त्यांना सगळं सांगितलं. कपडे, पायऱ्या, बादली. ते माझं तब्येतीचं कार्ड भरत होते. मान वर न करता म्हणाले, "कोळीण ना तुम्ही? टोपल्या डोक्यावर घेऊन मैलभर पळणारी जात तुमची. तुम्हाला कसला आलाय थकवा?"

मग जरा हसून, "लग्न करा. सगळं बरं होईल."

कार्डावर त्यांनी इंग्रजीत एक शब्द लिहिला. लांबलचक. मला वाचता आला, कळला नाही. बाहेर आल्यावर मी पेनाने तो अक्षर न् अक्षर तळहातावर उतरवला आणि सुटी झाल्यावर आमच्या शाळेतल्या जुन्या बाईंकडे गेले. बाईंनी डिक्शनरी काढली. पान सापडलं तशी त्यांनी ती स्वतःकडे ओढून घेतली.

"काय लिहिलंय बाई?"

"आजाराचं सोंग करणारी," बाई म्हणाल्या. "कामचुकार."

तो शब्द कार्डावर तसाच राहिला. नंतर कधीही मी आजारी पडले की आधी तो शब्द वाचला जायचा, मग माझ्याकडे बघितलं जायचं. रजा मागितली की साहेब कार्ड मागवायचे. खाडीवरची माणसं, म्हणायचे, भांडायला तोंड आहे आणि कामाला हात नाहीत.

दोनेक वर्षं मी अशीच रेटली. मग बाईंनीच ठाण्याचे एक डॉक्टर सांगितले. खोपटला, एसटी डेपोच्या मागे, पहिल्या मजल्यावर. मी गेले, पाटी वाचली, मनोविकारतज्ज्ञ, आणि जिना उतरून परत आले. असं दोनदा केलं. आमच्याकडे "ठाण्याला गेली" म्हणजे काय ते सांगायला नको. बाईचं लग्न संपलं, तिच्या बहिणींचं संपलं, भावाच्या पोरींचंही संपलं. आईला सांगितलेलं मावशीकडे कल्याणला जाते. तिसऱ्यांदा गेले ती जिन्यावर चक्कर आली म्हणून आत जाऊन बसले. नाहीतर तेव्हाही परत फिरले असते.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाऊण तास ऐकलं. मध्ये बोलले नाहीत, घड्याळ बघितलं नाही. मला राग आला. एक माणूस ऐकू शकतो, तर मग बाकीचे इतकी वर्षं काय करत होते?

"तुम्ही वेड्या नाही," ते म्हणाले. "उदासही वाटत नाही मला तुम्ही. परदेशात ह्या आजाराला आता आता नाव दिलंय, क्रॉनिक फटीग म्हणतात. पण नाव दिलं म्हणजे औषध सापडलं असं नाही हं."

आणि तरी गोळी लिहिली. म्हणाले, "ही उदासीची गोळी आहे, खोटं सांगत नाही. उदासीला शंभर-दीडशे मिलिग्रॅम देतात. तुम्हाला मी दहा देतोय. झोप खोल लागेल, अंगदुखी उतरेल. थकवा जाईल असं मी म्हणत नाही."

"किती दिवस घ्यायची?"

"माहीत नाही. एवढासा डोस, ह्या आजारात, वर्षानुवर्षं घेतला तर काय होतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. आपण दोघांनी बघायचं. तुम्ही लिहून ठेवा."

लिहून ठेवायला मला शिकवावं लागणार नव्हतं. पॅकिंगला दर अर्ध्या तासाने दहा स्ट्रिपा उचलायच्या, निळ्या पाण्यात बुडवायच्या, आत पाणी शिरतंय का बघायचं आणि बॅचच्या कागदावर नोंद करायची. नोंदीचा एक कायदा होता. चुकीचं लिहिलं गेलं तर खोडायचं नाही. गिरवायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही, पान फाडायचं नाही. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर काय ते लिहायचं. मग सही आणि तारीख. काय चुकलं आणि कोणी सुधारलं हे दहा वर्षांनी येणाऱ्यालासुद्धा दिसलं पाहिजे. कारखान्याने मला दिलेली एकमेव चांगली गोष्ट.

मी दोनशे पानी वही घेतली. चार रकाने पाडले. झोप, दुखणं, पायऱ्या, डोकं. रोज संध्याकाळी आठला गोळी आणि नोंद.

पहिला महिना तोंड सुकून खरवडायचं, सकाळी डोकं जड. लिहिलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी उठले आणि कोणी बडवल्यासारखं वाटलं नाही. तेही लिहिलं. तीन महिन्यांनी ओट्याच्या तिन्ही पायऱ्या न बसता चढले. मी बरी झाले नव्हते. कपडे धुतले की मंगळवारी पडायचेच. पण पडायचे ती बुधवारी उठायचे. पूर्वी शुक्रवार उजाडायचा.

दुसऱ्या वर्षी आईला स्ट्रिप सापडली. शेजारच्या पोराकडून तिने नाव वाचून घेतलं, दुकानात विचारून आली.

"ठान्याची गोली खातंस गो तू?" आई दारात उभी. "तुना कोन करील? मी मेल्यावर तुना कोन बघील?"

आणि सगळ्या गोळ्या तिने खाडीत टाकल्या. देवाला नारळ सोडावा तशा, हात जोडून. मी लाजेने तीन आठवडे नवीन आणल्या नाहीत. वहीत ते तीन आठवडे आहेत. झोप नाही, दुखणं पूर्ण, पायऱ्या दोन. मग आणल्या, आणि तेव्हापासून घरात ठेवणं बंद केलं. अंगावर ठेवायला लागले. चार-चारचे तुकडे कापून. तिथून ती पट्ट्याखाली घसरली.

चौथ्या वर्षी खोपटचे डॉक्टर स्वतः म्हणाले, आता सोडून बघू. हळूहळू, दोन महिने घेऊन, अर्धी, मग एक दिवसाआड. सोडली. दीड महिन्यात मी परत अंथरुणात. परत सुरू केली. पहिल्यासारखा गुण मात्र आला नाही, थोडा कमीच आला. पाचव्या वर्षी डोस वाढवून बघितला तर दिवसा पट्ट्यावर डोळे मिटायला लागले. परत दहावर आले. हे सगळं वहीत आहे. चांगलं तेवढंच लिहिलं असतं तर ती साहेबांची वही झाली असती.

तर सहा वर्षं. त्या सहा वर्षांत माझ्या हातून एकही खराब स्ट्रिप पुढे गेली नव्हती.

आणि ज्या दिवशी यमुनेला हाकललं, त्या संध्याकाळी मी वही उघडली आणि लिहिलं, "कामावर विशेष काही नाही."

लिहून झालं. पेन ठेवलं. आठची गोळी घ्यायला रुमाल काढला तर रुमाल रिकामा. त्या चार गोळ्या साहेबांच्या टेबलावर होत्या आणि यमुना घरी होती. मला माझीच किळस आली. सहा वर्षांत पहिल्यांदा मी वहीत खोटं लिहिलेलं. कारखान्याच्या कागदावर कधी लिहिलं नाही, आणि स्वतःच्या वहीत लिहिलं. डॉक्टरांनी कार्डावर तो शब्द कसा लिहिला असेल हे मला तेव्हा समजलं. सोपं असतं. हात आपोआप चालतो.

मी त्या ओळीवर एक रेघ मारली. शेजारी लिहिलं, "गोळी माझी होती. यमुनेला काढलं. मी हसले." सही. तारीख.

सकाळी हॉलच्या दारात ओळ लागली. साहेब हात तपासत आले. "हात दाखवा." नखं. बांगड्या. पुढची. "हात दाखवा."

मी दोन्ही हात पुढे केले. उजव्या तळव्यावर सहा गोळ्यांची स्ट्रिप, वाटेत विकत घेतलेली. हॉलच्या बाहेर, दाराच्या अलीकडे. कायदा मोडला नव्हता.

"हे काय?"

"माझी गोळी. कालची पण माझी होती. यमुनेची नव्हती."

साहेब मागे सरले. खरंच सरले, एक पाऊल. मी चावेन असं वाटलं असेल. माझ्या पुढे उभी असलेली, माझ्या डब्यातलं सुकट रोज खाणारी बाई, तीसुद्धा बाजूला झाली.

"सहा वर्षं घेते," मी म्हणाले. "सहा वर्षं तुमच्या पट्ट्यावर बसते. औषध आत आणलं ही माझी चूक. त्याची शिक्षा मला द्या. वेडी कोण ते नंतर ठरवा."

"घरी जा," साहेब म्हणाले. "बोलावलं की ये."

मी घरी गेले नाही. विठ्ठलवाडीला गेले. यमुनेचं घर शोधायला दुपार झाली. ती दारात भांडी घासत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सकाळी काय बोलले ते. मला वाटलेलं ती रडेल. किंवा मला मिठी मारेल. असं वाटण्याचीसुद्धा लाज वाटते आता.

यमुनेने हात धुतले. "काल का नाय बोललीस?"

तिने ओले हात पदराला पुसले.

"मी तुझ्याकडं बघितलेलं," ती म्हणाली. आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

चार दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, साहेब आणि कारखान्याचे डॉक्टर. टेबलावर माझं कार्ड. मला खुर्ची दिली नाही. मी मागून घेतली. मला फार वेळ उभं राहता येत नाही, हे म्हणायची आता लाज वाटत नव्हती.

मॅनेजर गोड बोलत होते. "हे बघा, तुम्ही पर्मनंट आहात. ती बाई कंत्राटी होती, गेली, विषय संपला. तुम्ही फक्त लिहून द्या की त्या सकाळी भावनेच्या भरात बोललात, गोळी तुमची नव्हती. आणि ठाण्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा, प्रकृती ठीक आहे, औषध चालू नाही. बस. उद्यापासून कामावर या."

"आणि नाही दिलं तर?"

उत्तर डॉक्टरांनी दिलं. त्याच शुद्ध आवाजात. "मानसिक रोगाची औषधं इतकी वर्षं घेणारी व्यक्ती पॅकिंगला बसवणं योग्य नाही. मला तसा शेरा द्यावा लागेल."

माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. आठ वर्षं ज्याच्यासमोर मी खाली मान घालून उभी राहिले तो माणूस केवढासा आहे ते दिसलं. मी कार्ड ओढून घेतलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंय?"

त्यांनी चष्मा सारखा केला. "हो. त्या वेळच्या तपासणीनुसार."

"म्हणजे मला काही झालेलं नव्हतं. मी सोंग करत होते."

"तपासण्या नॉर्मल होत्या."

"आणि आज मी इतकी आजारी आहे की कामाला लायक नाही. डॉक्टर, एक काय ते ठरवा. मला विश्रांती हवी होती तेव्हा मी धडधाकट, आणि मी औषध घेऊन उभी राहिले तर वेडी? मी पडले तर तुम्हाला चालत नाही आणि उठले तरी चालत नाही. मग मी करायचं काय? टोपली घेऊन मैलभर पळू?"

साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. मला तो बंद पट्टा आठवला.

मी पिशवीतून वह्या काढल्या. सहा वर्षांच्या सात वह्या. "ह्यात रोजचं आहे. गोळीने काय झालं, काय नाही झालं. सोडली तेव्हा काय झालं. तुमच्या कार्डावर एक शब्द आहे. ह्यातलं एक पान तरी वाचा."

डॉक्टरांनी वरची वही दोन बोटांनी उघडली. एक पान. बंद केली. "रुग्णाने स्वतः लिहिलेल्याला वैद्यकीय पुरावा म्हणत नाहीत."

"स्ट्रिप गळते का ते मी बघून लिहिते ना?" मी विचारलं. "त्यावर तुमचा माल देशभर जातो. तिथे माझं लिहिलेलं चालतं. माझ्या अंगाबद्दल चालत नाही?"

मॅनेजर म्हणाले, "विषय वाढवू नका. सही करणार की नाही?"

त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं. पेन मी घेतलं. कागद तसाच ठेवला. कार्ड समोर ओढलं आणि डॉक्टरांच्या त्या शब्दावर एक रेघ मारली. एकच. सरळ. खालचं वाचता येईल अशी.

"अहो! कंपनीचा कागद आहे तो!" डॉक्टरांचा आवाज चढला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"खोडलं नाही," मी म्हणाले. "वाचता येतंय अजून. तुम्ही काय लिहिलेलं ते दिसलंच पाहिजे."

शेजारी मी मराठीत लिहिलं. आजार खरा. गोळी दहा मिलिग्रॅम, सहा वर्षं. बरी नाही. पहिल्यापेक्षा निम्मी तरी उभी. गोळी चालू. सही केली, तारीख घातली. मग जागा उरली होती म्हणून अजून एक ओळ लिहिली. स्ट्रिप माझी होती, यमुनेची नव्हती.

मला पॅकिंगवरून काढलं. धुण्याच्या खात्यात टाकलं, पिंपं घासायला. दिवसभर उभ्याने. मी मोडेन असा हिशेब होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. महिन्यातून चार-पाच दिवस मी पडते. त्याच्या नोंदी आहेत. यमुनेला परत घेतलं नाही. त्याचीही नोंद आहे, आणि ती माझ्या नावावर आहे. आईने अजून गोळीकडे सरळ बघितलेलं नाही, पण खाडीतही टाकली नाही. आता गोळी घरात असते, देवाच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी.

दुसऱ्या पाळीला असले की रात्रीच्या जेवणाला कँटीनच्या टेबलावर बसून मी ती घेते. स्ट्रिप फोडायचा आवाज येतो. शेजारच्या टेबलावरचे बघतात. बघू देत. कोणी कधी विचारलं, "अगं, कसली गोळी?", तर नाव सांगते, डोस सांगते, आणि किती वर्षं ते सांगते.

ही गोळी कुठवर साथ देईल मला माहीत नाही. खोपटच्या डॉक्टरांना माहीत नाही. कारखान्याच्या डॉक्टरांना तर जाणूनच घ्यायचं नव्हतं. ज्या दिवशी ती काम करेनाशी होईल त्या दिवशी पहिली नोंद मी करीन, कोणाच्या भीतीने नाही आणि कोणाच्या आशेनेही नाही. तोपर्यंत माझ्या अंगाबद्दल दुसऱ्याने लिहिलेला एकही शब्द मी न वाचता पुढे जाऊ देणार नाही. चुकीचा असेल तर रेघ मारीन. आणि परत कोणी ओळीसमोर उभं राहून विचारलं, वेडी कोण, तर कोणाची मान वळायच्या आधी माझा हात वर असेल.